पाव पोटाचा जावई

लातूरच्या एका हॉलमध्ये पालकांचा मेळावा होता. माझं नाव पुकारलं गेलं, मी भाषणाला उठलो आणि खुर्चीपण माझ्यासोबत उठली.

खुर्ची प्लास्टिकची, हातांची. बसताना तिच्यात कसा शिरलो ते आठवत नाही, चहा-बिस्किटांच्या नादात शिरलो असणार. पण उठताना तिच्या दोन्ही हातांनी माझी कंबर अशी पकडली, की माइकपर्यंत चार पावलं गेलो तरी ती सुटेना. समोर चार-पाचशे पालक. कोणी परभणीचं, कोणी बीडचं, सगळे पोरांना डॉक्टर करायला निघालेले. आधी कोणी हसलं नाही. मग पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी शेजाऱ्याला मोठ्यानं विचारलं, "हे सर काय शिकविते?"

"बायोलॉजी."

आणि हॉल फुटला.

फिजिक्सच्या आणि केमिस्ट्रीच्या सरांनी खुर्ची मागून ओढली. ती निघाली तेव्हा बाटलीचं बूच निघावं तसा आवाज झाला, आणि तो माइकमधून शेवटच्या रांगेपर्यंत गेला. त्यानंतर मी वीस मिनिटं बोललो. विषय होता 'अभ्यास आणि संतुलित आहार'. तो माझ्या मनाचा नव्हता, आयोजकांनी दोन आठवडे आधीच पत्रिकेत छापला होता.

माझं वजन तेव्हा एकशे बेचाळीस किलो. क्लासमध्ये मी दरवर्षी पचनसंस्था शिकवायचो. जठराचा आकार, जठररस, भूक लागल्याचा निरोप मेंदूपर्यंत कसा जातो, सगळं पोरांना तोंडपाठ करून घ्यायचो. माझ्या स्वतःच्या जठराकडून मात्र एकच निरोप यायचा, आणि तो दिवसभर यायचा.

लहानपणी मी असा नव्हतो, हे कोणाला खरं वाटत नाही. भूकंप झाला तेव्हा मी सहावीत होतो आणि काडीसारखा होतो. लातुरात आमच्या घराला फक्त दोन भेगा पडल्या, पण घरात जायची कोणाची हिंमत नव्हती. पुढं कित्येक आठवडे आख्खी गल्ली शाळेच्या मैदानात ताडपत्र्यांखाली राहिली. चुली तिथंच पेटायच्या. सगळ्यांच्या आया मिळून स्वयंपाक करायच्या आणि जे पोरगं समोर दिसेल त्याच्या ताटात वाढायच्या. "खाऊन घे रे, उद्याचं काय सांगावं," असं प्रत्येक जण म्हणायचं. जमीन जराशी थरथरली की माझी आई माझ्या हातात काहीतरी द्यायची, भाकरीचा तुकडा, गूळ, शेंगदाणे. चावायला लागलो की मी रडायचा थांबायचो. भीती वाटली की खायचं, हे मी तिथं शिकलो, आणि पुढची तीस वर्षं हा धडा इतका मन लावून गिरवला की एवढा अभ्यास शाळेत केला असता तर मीच डॉक्टर झालो असतो.

खुर्चीच्या प्रकारानंतर आठ दिवसांनी मी बायकोला म्हणालो, "मी ऑपरेशन करून घेतो. पोट लहान करतात ते."

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. तिनं विचारलं, "किती लहान?"

"पाऊण भाग काढून टाकतात. पाव ठेवतात. उरलेलं केळ्याएवढं."

"आणि मन?" ती म्हणाली. "ते कितीला ठेवतात?"

मी दवाखान्याची वेळ घेतली.

दवाखान्यात आहाराचा सल्ला देणाऱ्या मॅडम समोर आल्या, तर ती माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. कधीकाळी मी तिला स्वादुपिंडाची आकृती दहा वेळा काढायला लावली होती. आता तिची पाळी होती. ऑपरेशन नीट पार पडलं, पोटाला पाच बारीक भोकं पडली, पहिले पंधरा दिवस फक्त पातळ वरणाचं पाणी आणि ताक. मग एके दिवशी तिनं मला समोर बसवून दही-भात खायला दिला.

"सर, प्रत्येक घास पंचवीस वेळा चावायचा. मोजा."

"दही-भात काय चावायचा?"

"मोजा, सर."

मी मोजायला लागलो. ती माझ्या गळ्याकडे बघत होती. "अकराव्यालाच गिळलात," ती म्हणाली. "परत." बाहेरच्या बाकावर तिचे पुढचे पेशंट बसले होते, ते दारातून बघत होते. पाचव्या घासाला मला शिंक आली.

पोट भरलं की शिंक येणं, हे काही जणांना होतं, असं तिनं सांगितलं. माझं पोट बोलायचं ते शिंकांतूनच. एक शिंक म्हणजे थांबा. दोन म्हणजे उशीर झाला. तीन म्हणजे मोरीकडे पळा.

घरी वेगळीच अडचण. आम्ही दोघंच असलो तरी बायकोचा हात अठरा वर्षं पाच माणसांच्या अंदाजानं चालत होता, आणि तो काही कापला गेला नव्हता. ती रोज तेवढंच रांधायची, मी त्यातलं वाटीभर खायचो, आणि बाकीचं वर जायचं. आमच्या वरच्या मजल्यावर क्लासच्या चार मुली भाड्यानं राहतात. पहिला महिना त्यांनी आम्हाला देवमाणसं ठरवलं. तिसऱ्या महिन्यात त्यातली एक खाली आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "सर, तुमच्या ऑपरेशननं आमचं वजन वाढून राहिलंय. घरी गेले तर आई ओळखंना मला."

वर्गात मी कोणाला काही सांगितलं नव्हतं, पण पोरांपासून काय लपतं? परत शिकवायला गेलो त्या दिवशी फळ्यावर सवयीनं जठर काढलं, छान फुगीर, इंग्रजी 'जे' अक्षरासारखं. पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला.

"सर, हे आमचं काढलं का तुमचं?"

दोनशे पोरं हसली. मग मी शेजारी माझंही काढलं. आकृती एवढी छोटी झाली की नावं द्यायला जागा पुरेना.

कपड्यांचं तर विचारूच नका. माझ्या पँटी शिवणारे चाचा आमच्याच चौकातले, तीन पिढ्यांपासून त्यांच्या घरात शिलाईचं काम. दर महिन्याला मी त्याच पँटी घेऊन जायचो आणि ते आतून आवळायचे. चौथ्या महिन्यात त्यांनी पँट उलटी करून मला दाखवली. मागचे दोन्ही खिसे एकमेकांना येऊन भिडले होते.

"सर, इससे और कमती करे तो दोनों मिलके एकीच खिसा होता," ते म्हणाले. "नई सिलाओ, नहीं तो खाना खाओ."

हे सगळं गमतीचं वाटतं, पण अधूनमधून फार वाईट दिवस यायचे. बसस्टँडजवळ मिरची भज्यांचा एक गाडा आहे. एकदा सहज तिकडून चाललो होतो. गाड्यावाल्यानं मला लांबूनच बघितलं आणि न विचारता दोन प्लेटी भरल्या. मी नको म्हणालो.

"सर, आमचं काय चुकलं काय?"

त्याचा चेहरा असा पडला की मला भरूनच आलं. भर रस्त्यात डोळे पुसत मी म्हणालो, "काही नाही हो, तिखट गेलं डोळ्यात."

"तुम्ही तर अजून हात बी लावला न्हाई," तो म्हणाला.

सगळ्यात अवघड गेला निकालाचा दिवस. पोरांच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल असला की माझ्या पोटात गोळा यायचा, आणि तो गोळा मी दरवर्षी फरसाणाच्या पिशवीनं दाबायचो. या वर्षी गोळा आला, पण वर ठेवायला जागाच नव्हती. मी गच्चीवर चकरा मारल्या. पंखे पुसले. पंख्यांनंतर शेजाऱ्यांचे पंखे पुसू का म्हणून विचारून आलो. शेवटी बायकोजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, "मला भीती वाटतेय." लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि हे वाक्य मी तिच्यासमोर पहिल्यांदाच बोललो होतो. ती म्हणाली, "मग इथंच बसा." तेवढंच. बसलो.

आता नांदेडची गोष्ट. माझी सासुरवाडी नांदेडला आणि सासूबाईंचा हात म्हणजे दोन गल्ल्यांत नाव. ऑपरेशनचं आम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं. बायकोनं फोनवर हर्निया म्हणून वेळ मारून नेली होती. "आईला वाटेल, तिच्या हातच्या जेवणावरच तुम्ही सुरी चालवून घेतली," असं तिचं म्हणणं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

सहा महिने निभावलं. मग अधिक महिना लागला आणि फोन आला.

"जावईबापूंना घेऊन ये. धोंड्याचं जेवण करून राहिले मी. हर्नियाचं पथ्य आता सुटलं असंल."

अधिकात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि तेहतीस अनारसे वाण म्हणून द्यायचे, ही आमच्याकडची रीत. मागच्या अधिकात मी बसल्या बैठकीला अकरा धोंडे संपवले होते. सासूबाई तो आकडा अजून पाहुण्यांना सांगायच्या.

"सांगून टाक," मी बायकोला म्हणालो.

"तुम्ही सांगा."

लातूर ते नांदेड गाडीत आम्ही यावर भांडलो. नांदेड आलं तेव्हा ठरलं की कोणीच सांगायचं नाही, मी कसंतरी निभावून न्यायचं.

सासूबाई भाकरतुकडा ओवाळायला दारात उभ्याच होत्या. मी पायरीवर जाऊन उभा राहिलो. त्यांनी मला बाजूला सरकायची खूण केली आणि माझ्या मागं रस्त्याकडे बघत लेकीला विचारलं, "जावईबापू मागून येऊन राहिले काय?"

"आई, हेच आहेत ते."

त्यांनी भाकरतुकडा घाईनं ओवाळून टाकला. तोंडाला पदर लावून त्या एवढंच म्हणाल्या, "अगं बाई, काय झालं हो हे." आणि थेट स्वयंपाकघरात गेल्या. जाताना पुरणात आणखी तूप घालायचं मनाशी ठरवूनच गेल्या असणार.

सासऱ्यांनी जावयाला कपडे घेतले होते. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, बोलायला फार कमी. "जुन्याच मापानं शिवला," म्हणून त्यांनी कुर्ता पुढं केला. मी तो घातला. आत मी आणि आणखी दोघं आरामात राहिलो असतो. खिसे मात्र चांगले खोल होते.

पाटावर बसलो. केळीच्या पानावर वाफाळते धोंडे, वर तुपाची धार, कटाची आमटी, कुरडया, भजी. सासरे शेजारी जेवायला बसले. मी पहिल्या धोंड्याचा कोपरा मोडला, तोंडात टाकला आणि मोजायला सुरुवात केली. सासूबाई समोर उभ्या राहून माझ्या ओठांकडे बघत होत्या.

"काय मोजून राहिले तुम्ही?"

"काही नाही. जप करतोय."

चौथ्या घासाला शिंक आली.

"अगं बाई, पानावर शिंकले," सासूबाईंचा चेहरा उतरला. "एक शिंक बरी न्हाई."

लगेच दुसरी आली.

"हां, दोन झाल्या. आता शुभ हाय," म्हणून त्यांनी आनंदानं आणखी दोन धोंडे वाढले.

तिसरी मी नाक दाबून परतवली. त्या तूप आणायला आत वळल्या तेवढ्यात एक धोंडा डाव्या खिशात गेला. भात आणायला गेल्या, दुसरा उजव्या खिशात. त्या येऊन पान रिकामं बघायच्या, खूश व्हायच्या आणि पुन्हा वाढायच्या. "आता कसं माणसात आले," त्या म्हणाल्या. पाचवा धोंडा खिशात घालताना सासऱ्यांची नि माझी नजरानजर झाली. त्यांनी सगळं पाहिलं होतं.  त्यांनी आपला रुमाल काढून मांडीखालून माझ्याकडे सरकवला.

पण पाच धोंड्यांच्या तुपाला रुमाल कुठं पुरतो? मी हात धुवायला उठलो तेव्हा नव्या कुर्त्यावर दोन्ही बाजूंनी ताटाएवढे डाग पसरले होते.

"जावईबापू, काय सांडलं हो?"

मी घाईनं खिशावर हात ठेवला. दाबला गेलेला एक धोंडा वरून निसटला, फरशीवर टप्पा खाऊन घरंगळत गेला आणि देवघराच्या उंबऱ्याशी जाऊन थांबला.

सासूबाई आधी धोंड्याकडे, मग माझ्या खिशाकडे बघायला लागल्या. मग बायकोनं डोळे मिटून सांगून टाकलं, "आई, त्यांचं पोट कापलंय."

"कोणी?" सासूबाई किंचाळल्या.

"डॉक्टरांनी. बारीक व्हायला. आपणहून कापून घेतलंय. हर्निया नव्हताच."

त्या माझ्या पाटावर येऊन बसल्या. मग माझ्या पोटाकडे बघत त्यांनी विचारलं, "आन् कापलेलं कुठाय?"

मला हसू आलं, कारण ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्या आल्या मीही डॉक्टरांना हेच विचारलं होतं. मला ते वर्गात दाखवायचं होतं. पण सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "म्हणजे अठरा वर्षं मी तुम्हाला खाऊ घालू घालू आजारी पाडलं," त्या म्हणाल्या.

तेव्हा मी तिथंच फरशीवर बसलो, तुपकट कुर्त्यासकट, आणि त्यांना भूकंपाचं सांगितलं. मैदान, ताडपत्र्या, आईनं हातावर ठेवलेला गूळ. खुर्चीचंही सांगितलं. खुर्चीपाशी आलो तेव्हा सासरे पहिल्यांदा हसले, आणि त्यांचं हसू काही थांबेना. मग सासूबाईही रडता रडता हसल्या.

"आता किती मावतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

मी ओंजळही नाही, अर्धी मूठ दाखवली.

त्या उठून देवघरात गेल्या आणि नैवेद्याची चांदीची वाटी घेऊन आल्या. बोटभर उंच. तिच्यात सुपारीएवढं पुरण, चमचाभर आमटी, कुरडईचा एक तुकडा. माझ्यापुढं ठेवून म्हणाल्या, "देवाला रोज मी एवढंच वाढते. त्यानं कधी जास्त मागितलं न्हाई. खा, उद्या मावंल तेव्हा. आज खिशातलंच पुरे."

दुसऱ्या दिवशी मी त्या वाटीतून जेवलो. पाऊण तास लागला. सासूबाई समोर उभ्या राहिल्या, मग कंटाळून बसल्या, मग बसल्या बसल्या भूक लागली म्हणून म्हणाल्या, "माझं बी वाढा कोणी." सासरे उठले. त्यांनी उभ्या जन्मात कोणाला वाढलं नव्हतं. अर्धी आमटी पानाबाहेर गेली, भातावर मीठ समजून साखर पडली. सासूबाईंनी तो गोड भात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. आईला कोणाच्या सोबतीनं बसून जेवताना आपण पहिल्यांदाच बघतोय, असं बायको मला हळूच म्हणाली. मी त्या वाटीतलं पुरण पंचवीस वेळा चावलं, आणि त्यात जायफळ असतं हे मला पहिल्यांदा कळलं. अठरा वर्षं ते माझ्या घशातून गाडीनं गेल्यासारखं जात होतं.

जेवण उरकता उरकता सासूबाई एकदम थबकल्या. "अगं बाई! काल तुम्हाला दारात बघितलं आन् माहूरच्या आईला मी नवस बोलून बसले."

"कसला?"

"जावयाचं गेलेलं वजन परत येऊ दे म्हणून. समदंच्या समदं."

बायकोनं हिशेब करून सांगितलं की ते एक्केचाळीस किलो होतात. देवी मनावर घेण्याआधी माहूरला गेलेलं बरं, यावर चौघांचंही एकमत झालं, आणि पुढच्या रविवारी आम्ही निघालो.

माहूरचा गड मी आधी दोनदा बघितला होता, दोन्ही वेळा खालून. या वेळी पायऱ्या चढलो. दम लागला, तरी चढलो. वर पोचलो तेव्हा सासूबाई अजून निम्म्यात होत्या, गुडघे धरून. मी परत खाली जाऊन त्यांच्यासोबत हळूहळू वर आलो. गाभाऱ्यासमोर गर्दी होती. सासूबाईंनी हात जोडले आणि देवीला ऐकू जावं अशा आवाजात, म्हणजे सगळ्या रांगेला ऐकू जावं अशा आवाजात, म्हणाल्या, "आई, मागं बोलले ते राहू दे. जावई हाय तेवढाच बरा हाय." थोडं थांबून पुन्हा म्हणाल्या, "तरी दोन-चार किलो इकडंतिकडं झालं तर मी काय म्हणणार न्हाई."

मागची एक बाई मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "चार तर पाहिजेतच."

त्यानंतरच्या वर्षात माझं वजन बरोबर चार किलो वाढलं. दवाखान्यातल्या मॅडम रागावल्या, मला आहाराची वही दहा दिवस लिहायला लावली. पोरांच्या निकालाच्या पेढ्यांमुळं वाढलं हे मला माहीत आहे. सासूबाई अजून श्रेय देवीलाच देतात.

त्या रविवारी गड उतरून आम्ही खाली दुकानांच्या रांगेत सावलीला बसलो. मी सहज सासूबाईंना विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय खायला आवडतं हो?"

त्या विचारात पडल्या. दुकानातल्या बांगड्या, खडीसाखर, नारळ, कशाकडंतरी बघत राहिल्या. मग जरा लाजून म्हणाल्या, "कुल्फी."

"कुल्फी?" सासरे चकित झाले. "बेचाळीस वर्षांत तू कधी बोलली न्हाईस."

"तुम्ही कधी कुल्फीचा गाडा थांबवला?"

सासरे उठले आणि चार कुल्फ्या घेऊन आले. मी माझी दोन वेळा चाटली आणि सासूबाईंपुढं केली. त्यांनी आपली संपवली, माझी संपवली, काडीपण चोखून झाली. लेकीच्या हातातल्या कुल्फीकडं त्यांची नजर गेली तशी बायकोनं ती पाठीमागं लपवली. सासरे परत कुल्फीच्या गाड्याकडं चालायला लागले होते.